सत्तेचाळीस नंबरची बाग

धुळ्याच्या त्या कॉम्प्युटर-खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. आत एसी, खिडक्यांना जाड पडदे आणि देवघरात वागतात तशी माणसं. कोणी मोठ्यानं बोलायचं नाही. मी तेव्हा जळगावच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते आणि एम.फिल.साठी दर शनिवारी एसटीनं धुळ्याला जात होते. नव्वदनंतरची पहिली दोन-तीन वर्षं असतील. जळगावच्या आमच्या कॉलेजातही कॉम्प्युटर होता, पण तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये प्लास्टिकच्या झाकणाखाली असे. ते झाकण काढलेलं मी एकदाच पाहिलं, तेही पाहुणे आले म्हणून.

धुळ्याचे माझे सर उंच, किडकिडीत आणि कमालीचे शांत होते. मी तापट. कॉम्प्युटरनं चूक दाखवली की मी चिडायचे, आणि सर म्हणायचे, "अहो मॅडम, तो तुमच्यावर रागावलेला नाही. तुम्ही का रागावता?" त्यांच्याकडे पाच फ्लॉपींवरचं एक संख्याशास्त्राचं पॅकेज होतं आणि परदेशातल्या एका लेखाची झेरॉक्स. तो लेख बेझियन नेटवर्कवर होता. सरांनी त्याचं मराठी सोपं करून टाकलं होतं: जाळं. कागदावर गोल काढायचे, एकेका गोलात एकेक गोष्ट लिहायची, आणि जिच्यामुळे जे घडतं तिच्याकडून त्याच्याकडे बाण काढायचा. ज्याच्याकडून बाण निघतो ते आई-बाप, ज्याच्याकडे जातो ते लेकरू. लेकराचं काय होणार हे आई-बापांचं काय झालं यावर अवलंबून. पण अवलंबून म्हणजे ठरलेलं नव्हे. आई-बाप असे असतील तर दहात इतक्या वेळा असं, तसे असतील तर तितक्या वेळा तसं. बस्स, एवढंच जाळं.

मला काम दिलं होतं ते याच्या उलट. पॅकेजला आकडे दिले तर ते त्यांतून जाळं ओळखून काढू शकतं का, हे तपासायचं होतं. म्हणून सर म्हणाले, "आधी जाळं तुम्ही तयार करा, त्यातून शंभर नोंदी कॉम्प्युटरकडून काढा, आणि मग त्याच नोंदी त्याला देऊन बघा, जाळं परत सापडतं का ते."

"पण सर, त्या नोंदी खोट्या ना?"

"खोट्या म्हणूनच उपयोगाच्या. खऱ्या नोंदींमागचं सत्य कोणालाच ठाऊक नसतं. ह्यांच्यामागचं आपल्याला ठाऊक आहे, कारण ते आपणच ठेवलंय."

हे वाक्य मी त्या दिवशी एसटीत पारोळ्यापर्यंत घोळवत बसले होते. खोटं बोलायचं, पण नियमानं. आणि त्यातून खरं पकडायची कला शिकायची. मला हे विलक्षण वाटलं. अजूनही वाटतं.

सरांचे दुसरे विद्यार्थी लेखातलंच जाळं उचलत. ताप, खोकला, छातीचा फोटो वगैरे. मला ते नको होतं. आपल्या डोळ्यांसमोरचं काहीतरी हवं होतं, म्हणून मी केळीची बाग घेतली. दसऱ्यानंतर लावतात ती, कांदेबाग. चार गोल काढले: हिवाळा, विहीर, वाढ, घड. हिवाळा कडक की सौम्य. विहिरीला पाणी पुरेसं की कमी. या दोघांवरून कोवळ्या रोपांची वाढ नीट की खुंटलेली. आणि वाढीवरून घड चांगला की बारीक. काढायला पाच मिनिटं लागली. पण दहात किती वेळा, हे आकडे आणायचे कुठून? पुस्तकात नव्हते.

म्हणून पोळ्याच्या सुट्टीत मी चोपड्याकडच्या गावी अक्काकडे गेले.

अक्का माझी थोरली चुलत बहीण. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी, चौथीपर्यंत शिकलेली, आणि केळीतलं तिला जेवढं कळतं तेवढं मला संख्याशास्त्रातलं कळत नाही, हे मी वर्गातही सांगत असे. त्याच वर्षी शिमग्याच्या आधी तिचे यजमान, आमचे दाजी, गेले होते. शेत तिच्या नावावर झालं होतं. बाग यंदा तीच लावणार होती, एकटी. तिच्या दिराचं, म्हणजे भाऊंचं, शेत शेजारीच. तो म्हणत होता, वहिनी कशाला उन्हातान्हात, माझ्याबरोबर तुझंही करून टाकतो. अक्काला ते नको होतं. एकदा शेत दुसऱ्याच्या हातात गेलं की आपण त्या शेतावर पाहुणे होतो, असं तिचं म्हणणं. एरवी कमी बोलणारी बाई हे मात्र मला दोनदा सांगून गेली.

मी वही उघडून विचारलं, दहा हिवाळ्यांतले किती कडक असतात?

"दहामातला कितला, आसं कसं सांगू माय? हिवाया काय मोजीसन येस का?"

मी हात टेकले. मग तिच्या घरातले चिंचोके आठवले. लहानपणी आम्ही ओट्यावर त्यांनीच खेळायचो. मी दहा चिंचोके तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, हे दहा हिवाळे. यातले कडक बाजूला काढ. आणि काय सांगू, तिचा हात एकदम चालायला लागला. तीन बाजूला. विहिरीसाठी दोन. मग वाढ. हिवाळा सौम्य, पाणी पुरेसं: खुंटलेली एक. हिवाळा कडक, पाणी पुरेसं: इथे ती थांबली, चिंचोके तळहातावर घोळवत राहिली, मग एकेक करून सहा बाजूला काढले. हिवाळा सौम्य, पाणी कमी: पाच. दोन्ही वाईट: नऊ. मग घडाचे. वाढ नीट असेल तर बारीक दोन, खुंटली असेल तर आठ. अर्ध्या तासात माझं जाळं पुरं झालं. आमच्या विषयात तज्ज्ञाकडून आकडे कसे काढावेत यावर लेखच्या लेख आहेत. त्यांत चिंचोके कुठे नाहीत.

पुढच्या शनिवारी धुळ्याला चपला काढून आत गेले आणि सगळं पॅकेजमध्ये भरलं. क्रम पाळावा लागतो, ही गंमत मला तिथे कळली. घड आधी काढता येत नाही, कारण तो कोणत्या वाढीतून आला हेच ठरलेलं नसतं. आधी आई-बाप, मग लेकरू. कॉम्प्युटर शून्य आणि एक यांच्या मधला एक आकडा काढतो, अगदी कुठलाही. पुस्तकात त्याला यादृच्छिक म्हणतात आणि माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना तो शब्द उच्चारता येत नसे. तो आकडा ०.३ पेक्षा कमी आला तर हिवाळा कडक. मग विहिरीसाठी दुसरा आकडा. मग त्या दोघांचं काय झालं ते पाहून वाढीसाठी तिसरा. मग घडासाठी चौथा. झाली एक बाग. अशा शंभर. सुरुवातीला पॅकेज एक आकडा मागतं, ज्याच्यापासून ही सगळी काढाकाढ सुरू होते. मी १ टाकला. विचार न करता. दोन टाकला असता तर शंभर बागा वेगळ्या आल्या असत्या.

प्रिंटर किरकिरत सुरू झाला आणि दोन्ही कडांना भोकं असलेला, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कागद बाहेर यायला लागला. मी वाकून वाचत होते. कधीच न लावलेल्या शंभर बागा! एकीचा हिवाळा कडक तरी घड चांगला. एकीला सगळं होतं तरी घड बारीक. खऱ्या गावात असतं तसंच. मला इतका आनंद झाला की मी सरांना म्हटलं, "सर, ह्या बागा बघून यावंसं वाटतंय." सर हसले. ते फार क्वचित हसत.

त्या आनंदात मी जो शहाणपणा केला तो ऐका. कागदाची दुसरी प्रत काढली आणि ठरवलं, ही अक्काला पाठवायची. तिच्याच चिंचोक्यांतून निघालेल्या बागा, तिला बघू देत. प्रिंटरला मराठी येत नव्हतं, नुसते आकडे. म्हणून मी लाल शाईनं वर मथळे लिहिले: बाग क्र., हिवाळा, विहीर, वाढ, घड. खाली टीप लिहिली, १ म्हणजे वाईट, ० म्हणजे बरं. वर दोन ओळींचं पत्र: तू सांगितल्यावरून कॉम्प्युटरनं शंभर बागा काढल्या आहेत, बघ. जाड पाकिटात घालून टपालानं पाठवलं. स्वतः गेले नाही, कारण कॉलेजात चाचणी परीक्षा होत्या.

नवरात्राच्या आधी अक्काचं पोस्टकार्ड आलं. ती बोलते अहिराणी, पण पत्र अगदी शाळेतल्या मराठीत लिहिते.

"तुझा कागद मिळाला. आपला ४७ नंबर फार वाईट निघाला. चारही ठिकाणी १ आहे. भाऊ म्हणतात, यंदा बाग लावू नये. माझ्यासाठी सांगून ठेवलेले कंद दुसऱ्याला दिले. शेत ते बघतील. तू कळवलंस म्हणून बरं झालं. सगळे ठीक."

मी ते दोनदा वाचलं. सत्तेचाळीस? कोणता सत्तेचाळीस? मग माझी प्रत काढली. सत्तेचाळिसावी ओळ: १ १ १ १. आणि मग डोक्यात लख्ख झालं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे शेत ओळखतात ते गट नंबरानं. सातबाऱ्यावर तोच. दोन माणसं पारावर बसून "बारा नंबरला पाणी चालू आहे" म्हणाली तर ती शेताबद्दल बोलत असतात. अक्काच्या शेताचा गट नंबर सत्तेचाळीस होता, आणि मी माझ्या हातानं, लाल शाईनं, वर लिहिलं होतं: बाग क्र.

आधी मला हसू आलं, खोटं कशाला सांगू. मग मी हिशेब केला. चारही वाईट अशा बागा शंभरात साधारण चार निघतात. माझ्या कागदावरही चारच होत्या. त्यांतली एक नेमकी सत्तेचाळिसावर. मग पत्रातलं वाक्य पुन्हा वाचलं, शेत ते बघतील, आणि हसू विरलं. जे तिला नको होतं ते माझ्या कागदानं घडवलं होतं. आणि वर बाई माझे आभार मानत होती.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळची चोपडा गाडी पकडली.

अक्काच्या ओट्यावर पोचले तर माझी वाटच बघत असल्यासारखी माणसं जमली. पाव्हणी जळगावहून आली, कागदवाली. कागद दिराच्या घरून आला. त्याच्या घड्या हाताळून मऊ झाल्या होत्या आणि काही ओळींच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहिली होती. दिराचा बारा नंबर, तिथे सगळी शून्यं. तो खुशीत होता. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगते. वहिनीच्या काळजीनंच बोलत होता, पण आता त्याच्या काळजीच्या पाठीशी कॉम्प्युटर उभा राहिला होता.

मी उभ्याउभ्याच सांगितलं, ही तुमची शेतं नाहीत. ह्या बागा कुठेच नाहीत. मी बनवल्या आहेत.

दीर म्हणाला, "कम्प्यूटर काय खोटं बोलस का?"

"खोटं नाही. पण खरंही नाही."

"मंग हाई कोनी लिखेल शे? तूच ना?"

मी तापले. मी म्हटलं, अहो भाऊ, हा नुसता क्रमांक आहे, पहिली बाग, दुसरी बाग, एवढंच! मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या आबांनी हात वर केला. "आमना नंबर एकशे बारा शे. आमनं कोन सांगी?" शंभरच बागा काढल्या म्हणून ते नाराज होते. मी कपाळावर हात मारून घेतला. वर्गात कमावलेली शिकवण्याची ऐट त्या ओट्यावर निकालात निघाली.

अक्का दाराच्या चौकटीशी उभी होती. तिचा चेहरा पडलेला होता आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "अक्का, चिंचोके आण. आणि आठ वाट्या."

दिराच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला. वाईट चिंचोक्यांना चुन्याचा ठिपका लावायचा, बऱ्यांना काही नाही. वहीत तिचे आकडे होतेच. हिवाळ्याच्या वाटीत दहा चिंचोके, तीन चुन्याचे. विहिरीच्या वाटीत दहा, दोन चुन्याचे. मग वाढीच्या चार वाट्या, कारण आई-बापांच्या चार तऱ्हा. मग घडाच्या दोन. ओट्यावर वाट्या मांडल्या आणि दिराला म्हटलं, भाऊ, न बघता काढा. सत्तेचाळीस नंबरसाठी.

त्यानं हिवाळ्याच्या वाटीत हात घातला. साधा. हिवाळा सौम्य. विहीर: साधा. म्हणून वाढीची पहिली वाटी. साधा. म्हणून घडाची पहिली. साधा. सगळी शून्यं. ओट्यावर कुजबुज झाली. चिंचोके परत टाकले, वाट्या हलवल्या, म्हटलं पुन्हा सत्तेचाळीस. या वेळी हिवाळा कडक निघाला, विहीर बरी, वाढ खुंटली, घड बारीक. पुन्हा सत्तेचाळीस. पुन्हा वेगळं. दहा वेळा काढलं. सहा वेळा घड चांगला, चार वेळा बारीक. मधे एकदा त्यानं विहीर सोडून सरळ वाढीच्या वाटीत हात घातला तर एकशे बारावाले आबाच ओरडले, "आरे, आधी हीर! हीरबिगर कोनती वाटी ते कसं समजी?" हे मला धुळ्यात कॉम्प्युटरसमोर बसून समजायला दोन शनिवार लागले होते.

"मंग खरं कोनतं?" दिरानं विचारलं. आता त्याचा आवाज वेगळा होता. त्यालाही मजा वाटायला लागली होती.

मी म्हटलं, यातलं कोणतंच नाही. कॉम्प्युटरनं एवढंच केलं. प्रत्येक नंबरासाठी एकदा हात घातला. सत्तेचाळीसच्या वेळी हातात चारी चुन्याचे आले. मी पुन्हा काढायला सांगितलं असतं तर दुसरे आले असते.

त्याला पटलं. ओट्यावरची माणसं आता आपापल्या नंबरासाठी चिंचोके काढायला पुढे सरकली. मला वाटलं, झालं काम. मी सुटकेचा श्वास सोडला आणि चहा मागितला.

तेवढ्यात अक्का चौकटीपासून हलली. वाट्यांसमोर बसली. हिवाळा कडक, पाणी पुरेसं, त्या वाढीच्या वाटीतले दहाही चिंचोके तिनं पदरात ओतले. चुन्याचे सहा वेगळे केले. मग पदराच्या टोकाला थुंकी लावून एकाचा ठिपका पुसला. दुसऱ्याचा पुसला. तिसऱ्याचा.

"अक्का!" मी जवळजवळ ओरडलेच. "असं मनाला येईल तसं पुसता येत नाही. तूच सांगितलेत सहा." हे मी बहीण म्हणून नाही, एम.फिल.ची विद्यार्थिनी म्हणून बोलले. निकाल आवडला नाही म्हणून आकडे बदलायचे नाहीत, हा आमच्या विषयाचा पहिला नियम.

तिनं वर बघितलं नाही. चिंचोके मोजत म्हणाली, "हाई सहा मी मांगला हिवाया दखीसन सांगेल व्हतात. तवय वावरमा कोन व्हतं? तुना दाजी खाटवर, मी त्यासना उशापाशी. पहाटले धूर कोनी कया नही, पानी कोनी दिधं नही. एकला हिवायानी बाग नही मारी." मग तिनं पुसलेले तीन चिंचोके बाकीच्यांबरोबर वाटीत परत टाकले. "यंदा मी शे ना."

म्हणजे ते सहा मागच्या हिवाळ्यावरून आले होते, शेतात कोणीच नसतानाच्या. थंडी पडली की बागेच्या कडेनं कचरा पेटवून धूर धरतात आणि विहिरीचं कोमट पाणी देतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्या हिवाळ्यात शेजारच्या बारा नंबरला धूर झाला होता. सत्तेचाळीसला झाला नव्हता.

आणि मलाही ठाऊक असायला हवं होतं. त्या हिवाळ्यात दाजी धुळ्याच्याच दवाखान्यात होते. मी शनिवारी कॉम्प्युटरचं काम उरकून त्यांना बघायला जायचे. अक्का त्यांच्या कॉटशेजारी स्टुलावर बसलेली असायची. मी तिच्यासाठी डबा न्यायचे, डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचे, आणि गाडी चुकेल म्हणून निघायचे. बाग कोण बघतंय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. नंतर मी त्याच बागेचं जाळं काढलं, चार गोलांचं, आणि त्यातही माणूस घातला नाही. मला त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली.

दिरानं कागदाची घडी घातली आणि ती माझ्याकडे दिली.

"कंद मी आनी देसू, वहिनी," तो म्हणाला. "मना बागमातला."

अक्कानं मान हलवली आणि चहा टाकायला आत गेली. वाट्या तशाच ओट्यावर होत्या. एकशे बारावाले आबा आपल्या नंबराचे चिंचोके काढण्यात गुंग होते. त्यांना तीनदा चुन्याचा हिवाळा निघाला आणि ते चौथ्यांदा हात घालत होते.

पुढच्या शनिवारी धुळ्याला सरांना हे सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी माझं जाळं समोर ओढलं, पेन्सिलीनं पाचवा गोल काढला आणि त्याच्यातून वाढीकडे बाण काढला. म्हणाले, "मॅडम, तुमच्या बाईंनी आकडा बदललेला नाही. तुमच्याकडून एक गोल राहिला होता, त्याचं वजन त्या आधी हिवाळ्याच्या डोक्यावर टाकत होत्या. आता एका वाटीच्या दोन करा. माणूस असेल तर तीन, नसेल तर सहा." सगळं नव्यानं भरावं लागलं. चारच्या आठ वाट्या झाल्या, एम.फिल. एका सत्रानं पुढे गेलं. मी एकदाही चिडले नाही, याचं सरांना आश्चर्य वाटलं असावं.

पॅकेजला प्रत्येक गोलाचं नाव द्यावं लागे, आठ अक्षरांच्या आत, रोमन लिपीत. पाचव्या गोलाचं नाव मी 'AKKA' टाकलं, अक्का. प्रबंध तपासायला आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कशाचं संक्षिप्त रूप? मी म्हटलं, कशाचंच नाही, पूर्ण नाव आहे. सर खिडकीकडे बघत बसले.

या शंभर नव्या बागांवर मी क्रमांक घातले नाहीत. त्या नोंदींमधून पॅकेजनं जाळं परत शोधलं का, असं कोणी विचारतं तेव्हा सांगते, बरंचसं. एक बाण उलटा काढला होता. आणि अक्काची बाग कशी निघाली, असं विचारतात तेव्हाही सांगते: मध्यम. काही घड चांगले भरले, काही बारीक राहिले, विहिरीनं एप्रिलात थोडा दगा दिला. शेत मात्र तिनं पुढेही कोणाला बघायला दिलं नाही.

पण हे सगळं कळायच्या आधी, त्याच हंगामातल्या जानेवारीत, एक पोस्टकार्ड आलं होतं. आठवडाभर जळगावात इतका गारठा होता की मी वर्गात शाल पांघरून शिकवत होते आणि माझं सगळं लक्ष तापीपलीकडे, अक्काच्या बागेकडे लागलेलं होतं. कार्ड स्टाफरूममध्ये आलं. शाळेतलं मराठी, गोल गोल अक्षर, दोनच ओळी, खाली नाव नाही.

"हिवाळा चुन्याचा निघाला. काळजी करू नको, बागेत मी आहे."